कूलरमागची खिसकोली

या वेळी पत्रं कमी घेतलीत, कारण एका पत्रानंच निम्मी पानं खाल्ली. ते मार्चमध्ये आलं होतं. तेव्हा छापलं नाही, कारण तेव्हा छापण्यापेक्षा फोन करणं जास्त गरजेचं होतं. आता त्या घरच्यांनी परवानगी दिली म्हणून सगळं सांगते.

प्रश्न: मावशी, सादर नमस्कार. आम्ही वडोदऱ्यात, कारेलीबागेत तिसऱ्या मजल्यावर राहतो. होळी झाली की कूलरची घास बदलायची, हा आमच्याकडचा दर वर्षीचा नेम. यंदा कूलर उघडला तर मागच्या जाळीत खिसकोलीचं, म्हणजे खारीचं घरटं. कापूस, काथ्या, पोछ्याचे दोरे आणि उत्तरायणाचा गुलाबी मांजा. आत तीन पिल्लं. ह्यांनी जाळी होती तशी लावली आणि यंदा कूलर नाही म्हणून जाहीर केलं. पण चौथ्या दिवशी खालच्या भिंतीवर मांजरीनं खिसकोली धरलेली आम्ही बाल्कनीतून पाहिली, आणि त्यानंतर आई घरट्याकडे फिरकलीच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पिल्लं चिरचिरत होती, मग गप्प झाली. तेव्हा आम्ही त्यांना बुटाच्या खोक्यात घेतलं. गाईचं दूध, त्यात पाणी घालून, कापसाच्या वातीनं पाजतोय. काल एक गेलं. राहिलेल्या दोघांतल्या एकाच्या मागच्या पायाला मांजा गुंडाळलाय. डोळे अजून मिटलेले, पण पाठीवर पट्टे दिसतात. सासूबाई म्हणतात, रामाची खार आपणहून घरी आलीय, पाठवू नका. सासरे म्हणतात, माणसाचा हात लागला, आता तिला जंगलही घेणार नाही. जगतील का? पुढे काय करायचं?
— सौ. अ., कारेलीबाग

उत्तर: हे पत्र संपादकांनी फोटो काढून माझ्या फोनवर पाठवलं आणि खाली तुमचा नंबर दिला. मी दांडिया बाजारातून लगेच फोन लावला. आपलं पहिलं बोलणं तुम्हाला आठवत असेल. मी विचारलं, "पिल्लू हातात घ्या आणि सांगा, कोमट आहे की गार?" तुम्ही म्हणालात, "गारच आहे हो मावशी." मी म्हटलं, "मग दूध बंद. आत्ताच्या आत्ता."

तुम्ही घाबरलात, की उपाशी पिल्लाचं दूधही ही बाई तोडतेय. पण गार पिल्लाच्या पोटात गेलेलं दूध पचत नाही, तिथंच नासतं. या वयाच्या खारीला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. ती आईकडून आणि भावंडांकडून मिळते, आणि तुमच्याकडे तर भावंडांतलंही एक कमी झालेलं. म्हणून आधी ऊब, मग पाणी, मग दूध. हा क्रम मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय, कारण पिल्लू वाढवण्यात एकदा मीच चुकलेय. ते पुढे सांगते.

रबरी पिशवीत गरम पाणी, त्यावर जुन्या सुती साडीच्या दोन घड्या, आणि ही पिशवी खोक्याच्या फक्त अर्ध्या भागाखाली. अर्ध्याच, म्हणजे जास्त झालं तर पिल्लू सरकून दुसरीकडे जाईल. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांच्या फासात नखं अडकतात. तासाभरानं तुम्ही फोन केलात की पिल्लं वळवळायला लागली आणि आवाज करतायत. तेव्हा कुठं ओआरएसचं कोमट पाणी, थेंब थेंब. पहिल्या दिवशी निम्मा दिवस तेवढंच.

वातीचं बोलते. कापसाच्या वातीनं पाजायची पद्धत आपल्या आजीपणजीपासूनची. पण तिच्यात दोन उणिवा आहेत: पोटात किती गेलं ते कळत नाही, आणि आपण पिल्लाला तान्ह्या बाळासारखं उताणं धरतो. खारीचं पिल्लू उताणं धरून पाजलं की दूध श्वासनळीत जातं. मी तुम्हाला विचारलं होतं, जे गेलं त्याच्या नाकातून दूध आलं होतं का, आणि तुम्ही दबक्या आवाजात म्हणालात, दोनदा. तेच झालं असावं. तुम्ही त्याचा दोष स्वतःला लावून घेऊ नका. ऊन नाही, आई नाही, मदतीला कुणी नाही, अशात तुम्ही जे माहीत होतं ते केलंत. आता पालथं, पुढचे पाय तुमच्या बोटावर, डोकं किंचित वर. औषधाच्या दुकानातून एक मिलिलिटरची सिरिंज आणायची, सुई काढून टाकायची. तिच्या तोंडाशी थेंब आणायचा, तो पिल्लानं चाटायचा. दांडा दाबून आत सोडायचं नाही.

किती, याचा हिशोब सोपा आहे. सोनाराकडे असतो तसला बारीक काटा मिळाला तर उत्तम, नाहीतर स्वयंपाकघरातला चालतो. वीस ग्रॅमच्या पिल्लाला एका वेळी साधारण एक मिलिलिटर, म्हणजे वजनाच्या पाच टक्के. डोळे मिटलेत तोवर दर दोन-तीन तासांनी. तुम्ही म्हणालात की ह्यांनी रात्री बाराचा गजर आपल्या अंगावर घेतलाय आणि पहाटे पाचचा तुमच्या. हे ऐकून माझे मिस्टर म्हणाले, "बघ, असे नवरे असतात." मी उत्तर दिलं नाही.

गाईचं दूध का नको? खारीच्या आईचं दूध फार दाट, स्निग्ध असतं. गाईचं त्यापुढे पातळ, आणि त्यातली साखर तिला सोसत नाही, की हगवण लागते. त्यात आपण आणखी पाणी घालतो. इतक्या लहान जिवाला एका दिवसाची हगवण पुरे होते. कुत्र्यामांजरांच्या पिल्लांसाठी दुधाची पावडर मिळते, ती आणा. ती मिळेपर्यंत शेळीचं दूध चालेल. आणि एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली नव्हती: पाजून झाल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं पोटाखालून शेपटीपर्यंत हळूच पुसायचं. आई चाटते तेव्हाच ही पिल्लं शू करतात. आपण पुसलं नाही तर पोट फुगतं आणि आपण म्हणतो, अरे, दूध तर छान पितंय.

मांज्याचं मात्र मी तुम्हाला घरी करू दिलं नाही. तुम्ही कात्री घेऊन बसला होतात. धागा दिसतो तेवढाच नसतो, सुजेत रुतलेला असतो, आणि ओढला की कातडी सोलून येते. १९६२ ला फोन करा म्हटलं. गुजरात सरकारची ही करुणा अॅनिमल अॅम्ब्युलन्स आपण गाईकुत्र्यांपुरती धरतो. त्यांना आधी 'खिसकोली' ऐकून हसू आलं असेल, पण आले. डॉक्टरनं भिंगातून बघत तीन ठिकाणी धागा कापला. दोन बोटं काळी पडली होती, ती नंतर गळून गेली. तो धागा तुम्ही मला दाखवायला जपून ठेवलात. सुती नव्हता, नायलॉनचा होता. या असल्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली देशभर बंदी घातली. आपल्या अगाशीवर तो अजून सापडतो, आणि फिरकी घेऊन देणारे आपणच असतो. आमच्या गल्लीत मी दर वर्षी उत्तरायण झालं की मुलांना दोऱ्याचा गुंडा आणून द्या, एका गुंड्याला एक चिक्की असं सांगते. यंदा सत्तावीस चिक्क्या गेल्या.

आता कायद्याचं, थोडक्यात. खार असो की कासव, जंगली जनावर घरात पाळता येत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा सांगतो की असा जीव हातात आला तर अठ्ठेचाळीस तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनखात्याच्या अधिकाऱ्याला कळवायचं. तुम्ही कळवलंत. तिथल्या माणसानं विचारलं, "बेन, जिवंत आहेत ना? मग सांभाळा, पण पाळू नका. मोठी झाली की सोडा आणि आम्हाला कळवा." मला हा माणूस आवडला. 'सांभाळा, पण पाळू नका' हे मी वहीत लिहून घेतलं.

सासरेबुवांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की हात लागल्यानं आई पिल्लू टाकत नाही. ती टाकते, असं मी शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवताना दर वर्षी ऐकलं, आणि दर वर्षी निम्म्या वर्गाला ते आजीनं सांगितलेलं असायचं. खारीण एका वेळी दोन-तीन घरटी करून ठेवते. एका घरट्याला धोका वाटला की पिल्लू तोंडात धरून दुसऱ्यात नेते. खाली पडलेलं पिल्लू आपण टोपलीत घालून त्याच झाडाला, सावलीत टांगलं, खाली ऊब ठेवली आणि लांब जाऊन उभे राहिलो, तर बहुतेक वेळा ती येऊन घेऊन जाते. फक्त उजेडात. खार दिवसा हिंडणारी, अंधार पडला की ती येत नाही. तुमच्याकडे मांजर मध्ये आली म्हणून गोष्ट वेगळी. पण हे वाचणाऱ्या इतरांनी खोकं शोधण्याआधी अर्धा दिवस आईची वाट पाहा. माझ्याकडे आणलेल्या 'पोरक्या' पिल्लांपैकी पुष्कळांची आई जिवंत होती. ती पोरकी झाली आपण उचलली म्हणून.

सासूबाईंशी मात्र मी वाद घातला नाही. रामानं पाठीवरून तीन बोटं फिरवली ही गोष्ट मलाही प्रिय आहे. फक्त फोटो मोठा करून पाहा म्हटलं. मधले तीन ठसठशीत, आणि कडेला दोन फिके. आपल्या भागात जास्त करून दिसते ती पाच पट्ट्यांची खार. तीन पट्ट्यांची दक्षिणेकडची. सासूबाई म्हणाल्या म्हणे, "मग उरलेली दोन बोटं सीतेची." यावर प्राणिशास्त्राकडे उत्तर नाही.

आता माझं. १९८८ चा उन्हाळा. शाळेतल्या शिपायानं खारीचं पिल्लू रुमालात बांधून आणून दिलं. तिचं नाव ठकी ठेवलं. ठकी जगली. वातीवर, गाईच्या दुधावर, कशावरही जगली. मोठी झाली तसं आम्ही तिला जे आवडेल ते दिलं: शेंगदाणे, मारी बिस्किटं, सुकं खोबरं. ती माझ्या पदराच्या निऱ्यांत झोपायची. शेजारच्या गल्लीतली माणसं बघायला यायची, मी मिरवायची. चार महिन्यांची झाली आणि एक दिवस पडद्यावरून उडी मारली ती खाली पडली. उठली, पण मागचे पाय ओढत. जनावरांच्या डॉक्टरांनी बोटानं चाचपलं आणि म्हणाले, "बाई, हाडं आहेत की भिजलेला पापड?" शेंगदाण्यात कॅल्शियम अगदी कमी, घरात ऊन नाही. ठकी नऊ दिवसांनी गेली. नववा दिवस रविवार होता, आणि घरात श्रीखंड होतं. का कुणास ठाऊक, ते लक्षात राहिलं.

म्हणून डोळे उघडल्यावर तुम्ही शेंगदाणे विचारलेत तेव्हा मी फोनवर जरा ओरडलेच, त्याबद्दल माफ करा. पेरूची पानं, पिंपळाची आणि वडाची फळं, कडुलिंबाचा कोवळा शेंडा, उकडलेल्या अंड्याचा चिमूटभर तुकडा, डॉक्टरनं सांगितलेलं कॅल्शियम, आणि सकाळचं कोवळं ऊन. काचेतून येतं ते ऊन नाही, बाल्कनीतलं. जवळ बसून, कारण मांजर तीच आहे.

प्रश्न: आमच्या घरामागून भूखी कांस (नाला) जाते. काल मुलानं तिच्या काठावरून फूटभर लांबीचं मगरीचं पिल्लू आणलं. एकटंच होतं, आई मेली असणार. बादलीत ठेवलंय. दूध-ब्रेड घातला, खात नाही. सूरसागरात सोडावं का? — एक गृहस्थ, निझामपुरा

उत्तर: मुलाच्या हाताची बोटं मोजा आणि देवाचे आभार माना. बादलीवर जाळीचं झाकण ठेवा, पाणी बोटभरच असू दे, आणि हे वाचायच्या आधीच वनखात्याला फोन केला असेल अशी आशा करते. मी तुम्हाला निरोप धाडला होता, पण फोन लागला नाही.

आई मेलेली नाही. मगर फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास अंडी घालते, पिल्लं पावसाच्या आधी निघतात. आतून आवाज आला की आईच माती उकरते आणि पिल्लं जबड्यात धरून पाण्यापर्यंत नेते. दातांच्या मधून, एकही ओरखडा न काढता. पुढे कित्येक महिने ती आसपास राहते. पिल्लू संकटात असलं की आवाज करतं आणि आई तिकडे येते. तुमच्या मुलानं पिल्लू उचललं तेव्हा ती दहा हातांवर पाण्यात डोळे वर काढून असू शकेल, आणि तुमच्या बादलीतून तोच आवाज निघतोय.

सूरसागरात नको. ते मंदिराशेजारचं तळं आहे, त्याचा काठ हजारो माणसांच्या पायाखालचा, आणि पिल्लू तिथलं नाही. विश्वामित्री नदीच्या काठानं आपण आणि मगरी पिढ्यान् पिढ्या शेजारी राहतोय. २०२४ च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा त्या आपल्या सोसायट्यांत आल्या, कारण आपणच त्यांच्या नदीत घरं बांधलीत. पिल्लू सापडलं ती नेमकी जागा वनखात्याच्या माणसाला दाखवा, तीच सर्वांत कामाची माहिती. आणि दूध-ब्रेड तुम्ही खा. ते किडे, बेडूक, मासळी खातं.

प्रश्न: तुळशीच्या कुंडीत बुलबुलचं पिल्लू बसलंय, उडता येत नाही. पाणी पाजू का? — एक आजी, रावपुरा

उत्तर: पाजू नका. पक्ष्याची श्वासनळी जिभेच्या अगदी मुळाशी उघडते, चोचीत ओतलेलं पाणी सरळ तिकडे जातं. पंख फुटलेत, शेपटी आखूड आहे, उड्या मारतंय? मग ते हरवलेलं नाही, उडायला शिकतंय. आईबाप तारेवर बसून तुमच्याकडे बघून ओरडतायत. जरा उंच, झुडपात ठेवा, मांजर घरात घ्या आणि खिडकीचा पडदा ओढा.

प्रश्न: (कारेलीबागेच्या पहिल्या पत्राला टाचलेला वहीचा कागद, पेन्सिलीनं लिहिलेला.) मावशीआजी, मला एक विचारायचं आहे. ती मोठी झाली की सोडायची असं बाबा म्हणतात. पण तिलाच जायचं नसेल तर? — इयत्ता चौथी

उत्तर: बाळ, तुझा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला. याचं उत्तर मार्चमध्ये माझ्याकडेही नव्हतं.

उत्तर प्रदेशात अमेठीला एका माणसाला पाय मोडलेला सारस पक्षी शेतात सापडला. त्यानं त्याची पट्टी केली, खाऊ घातलं. सारस बरा झाला, पण गेलाच नाही. तो माणूस मोटरसायकलवरून निघाला की हा वरून उडत सोबत. सगळ्या देशानं ते व्हिडिओ पाहिले. मार्च २०२३ मध्ये वनखात्यानं सारस नेला, आधी अभयारण्यात ठेवला आणि मग कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात. मला विचारशील तर त्या माणसाचं प्रेम खरं होतं आणि खात्याचा कायदाही खरा होता, पण शेवटी जाळीत कोण बसलं ते बघ. मोकळा उडणारा सारस बसला. त्याला जायचं नव्हतं हे खरं, पण ते 'नाही' त्याला आपणच शिकवलं होतं.

म्हणून मी तुझ्या आईला एप्रिलमध्ये ते कडू वाटणारं सांगितलं, की आता पिल्लांना एकानंच हाताळायचं, आणि ते एक म्हणजे बाबा, तू नाही. तू चार दिवस माझ्याशी फोनवर बोलली नाहीस. बरोबर केलंस, मीही बोलले नसते. पण तू कोपरात झोपवायचीस म्हणून ती माणसाच्या हाताकडे धावायची, आणि माणसाच्या पायाशी मांजरही असते. तिला भीती शिकवायला खारीण नव्हती. मग आपणच जरा परके व्हायचं, दुसरं काय करणार?

मे महिन्यात तुम्ही पादरा गावी आजोबांच्या भावाकडे गेलात ते तू मला लिहिलंस, तेच आता इतरांसाठी सांगते, चालेल ना? आंबा, दोन चिकू, मागे पिंपळ, आणि मुख्य म्हणजे अंगणात झोपणारा कुत्रा, ज्याला मांजर अजिबात खपत नाही. मोठा पिंजरा आंब्याच्या खालच्या फांदीला लोखंडी तारेनं टांगला, वर पत्रा, आत पालापाचोळा आणि फांद्या. बारा दिवस पिंजरा बंद. त्यांनी तिथल्या खारींचा आवाज ऐकायचा, तिथला वास घ्यायचा. तिथल्या खारींनी पिंजऱ्यावर बसून यांना शिव्या घालायच्या. आणि तू लिहिलंस तसं, तिसऱ्या दिवसापासून आपल्या दोघी उलट शिव्या द्यायला शिकल्या. तेराव्या दिवशी सकाळी दार उघडलं आणि सगळी माणसं ओट्यावर गेली. दोन बोटं नसलेली आधी बाहेर पडली. वाटलं होतं हीच मागे राहील, नाही? दुसरी दुपारपर्यंत दारात बसून होती.

रात्री दोघी पिंजऱ्यात परत आल्या. पुढचे पाच दिवस येत होत्या, दार उघडंच होतं, खाणं ठेवलेलं. मग एक यायची. मग त्या मोठ्या वाऱ्याच्या रात्रीनंतर एकही आली नाही, आणि तू पिंजऱ्याच्या दाराला लाल रिबन बांधून आलीस, ओळखीची खूण म्हणून.

गेल्या आठवड्यात पादरा गावच्या आजोबांनी फोन केला. पिंपळावर एक खार दिसते, मागच्या उजव्या पायाचा पंजा जरा वेगळा. माणूस खालून गेला की वर पळते आणि शेपटी उडवत ओरडते. तुला वाईट वाटेल म्हणून त्यांनी हे तुला सांगितलं नव्हतं, की ती त्यांना पाहूनही पळाली. मी सांगितलं, सांगा, तिला हेच हवंय. दुसरीचा पत्ता नाही, आणि तुला खोटं सांगायचं नाही म्हणून तेही लिहिते.

पिंजरा तू मला देऊ केलास. पाठव. रिबन राहू दे.